अर्ध्या तोळ्याचा आरसा

दुर्बीण म्हटली कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें एक लांब नळी उभी राहते. तिच्या एका तोंडाशीं मोठें भिंग, दुसऱ्या तोंडाशीं लहान भिंग, आणि त्या लहान भिंगाला डोळा लावून बसलेला ज्योतिषी. हें चित्र खोटें नाहीं. परंतु जगांतील प्रचंड दुर्बिणींना तें लागू पडत नाहीं. त्यांत मोठ्या भिंगाचें काम आरसा करतो. कॅलिफोर्नियांतील पॅलोमार पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांच हजार फुटांवर, २०० इंच व्यासाच्या आरशाची हेल दुर्बीण उभी आहे. १९४८ सालीं तिचें उद्घाटन झालें. तिच्या हलत्या भागाचें वजन ५३० टन आहे, आणि त्यांतील कांचेचा आरसा साडेचौदा टनांचा आहे. परंतु ताऱ्यांचा प्रकाश परतविण्याचें जें खरें काम, तें ना पोलाद करतें ना कांच. तें काम कांचेच्या पृष्ठभागावर चढविलेला अ‍ॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ लेप करतो. आणि त्या साऱ्या लेपाचें वजन जेमतेम अर्धा तोळा भरतें. बाकीचा सगळा डोलारा आहे तो हा अर्धा तोळा धातु योग्य आकारांत आणि योग्य जागीं धरून ठेवण्यासाठीं! हा डोलारा कसा उभा राहिला आणि तो कसा सांभाळला जातो, हें समजलें म्हणजे मोठी दुर्बीण ही काय वस्तु आहे तें समजलें.

आरसा इतका मोठा कशाला हवा, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत प्रथम येईल. पावसाळ्यांत अंगणांत एक वाटी आणि एक परात शेजारीं शेजारीं ठेवली, तर परातींत पाणी अधिक सांठतें, कारण तिचें तोंड मोठें. ताऱ्यांचा प्रकाश हाहि आकाशांतून झरणारा असाच एक पाऊस आहे. मात्र तो फार विरळ आहे. माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारांत मोठी झाली तरी तिचा व्यास पाव इंचाच्या आसपासच राहतो. त्या मानानें २०० इंची आरशाचें तोंड सुमारें पांच लाख पट मोठें आहे. म्हणजे जो तारा डोळ्याला मुळींच दिसत नाहीं, त्याचाहि प्रकाश या परातींत दिसण्याइतका गोळा होतो.

भिंग मोठें करून हेंच काम साधणार नाहीं काय? कांहीं मर्यादेपर्यंत साधतें. परंतु भिंगांतून प्रकाश आरपार जावयाचा असल्यामुळें त्याला पाठीमागून आधार देतां येत नाहीं. तें केवळ कडेनें धरावें लागतें, आणि फार मोठें झालें म्हणजे स्वतःच्याच भारानें वांकतें. अमेरिकेंतील यर्किस वेधशाळेंत १८९७ सालीं ४० इंची भिंगाची दुर्बीण उभी राहिली, आणि भिंगांची मजल जवळजवळ तेथेंच थांबली. आरशाचें तसें नाहीं. प्रकाश त्याच्या पुढच्या बाजूवरूनच परततो. पाठीला हवा तितका आधार देतां येतो.

यर्किसची दुर्बीण ज्यांच्या खटपटीनें उभी राहिली, त्याच जॉर्ज एलरी हेल यांनीं पुढें माउंट विल्सनवर १९०८ सालीं ६० इंची आणि १९१७ सालीं १०० इंची आरशाची दुर्बीण उभारली. या १०० इंची दुर्बिणीच्या साह्यानें एडविन हबल यांनीं देवयानींतील तेजोमेघ हा आकाशगंगेच्या बाहेरचें एक स्वतंत्र तारकाविश्व आहे, हें सिद्ध केलें. विश्व अकस्मात् मोठें झालें आणि १०० इंचांचा आरसाहि अपुरा वाटूं लागला. १९२८ सालीं हेल यांच्या प्रयत्नानें रॉकफेलर यांच्या दाननिधींतून २०० इंची दुर्बिणीसाठीं साठ लक्ष डॉलर मंजूर झाले, आणि पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें तें काम अंगावर घेतलें.

काम किती बिकट, याची कल्पना एका हिशोबावरून येईल. आरशावरून परतलेले सर्व किरण एका बिंदूंत मिळावयाचे असतील, तर त्याच्या पृष्ठभागावर कोठेंहि एका इंचाच्या दहा लक्षांश भागाच्या दुपटीहून अधिक उंचवटा अगर खळगा राहतां कामा नये. हा आरसा ताणून मुंबईपासून नागपुरापर्यंत पसरेल एवढा मोठा केला, अशी कल्पना करावी. तेवढ्या विस्तारांतहि त्यावरील उंचवटा करंगळीच्या जाडीहून कमीच भरला पाहिजे. इतका नेमका आकार द्यावयाचा, आणि तोहि साडेचौदा टनांच्या वस्तूला. आणि ती वस्तु रात्रभर आकाशाबरोबर फिरत असतांना तो आकार टिकवावयाचा!

पहिली अडचण कांचेचीच होती. कांच उष्णतेनें फुगते आणि थंडीनें आकसते. सायंकाळीं हवा गार होऊं लागली कीं आरशाची कड आधीं गार होते आणि मधला भाग मागाहून; तेवढ्या वेळांत आकार बिघडतो. १०० इंची आरशाला हा त्रास होताच. म्हणून उष्णतेनें फारच थोडें प्रसरण पावणाऱ्या वितळलेल्या क्वार्ट्झचा आरसा करावा, असा पहिला बेत होता. त्यावर पुष्कळ पैसा खर्च झाला, पण मोठी तबकडी कांहीं साधेना. आणि १९३१ सालीं तो नाद सोडून द्यावा लागला. मग न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्निंग येथील कांचकारखान्याकडे काम आलें. तेथें पायरेक्स नांवाची कांच होत असे. चुलीवर चढविण्याची कांचेची भांडीं ज्या कांचेचीं करतात तीच ही जात. साध्या कांचेच्या मानानें तिचें प्रसरण सुमारें एकतृतीयांश असतें. शिवाय तबकडी भरीव न ओततां पाठीमागून मधाच्या पोळ्यासारखी पोकळ घरांची ओतावी, असें ठरलें. त्यामुळें वजन घटणार होतें, कांच लवकर हवेच्या तपमानाला येणार होती आणि त्या पोकळ घरांत पुढें आधाराचीं यंत्रें बसविण्याची सोय होणार होती.

१९३४ सालच्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस पहिली तबकडी ओतली गेली. पाठीमागचीं घरें पाडण्यासाठीं सांच्याच्या तळाशीं विटांचे शंभराहून अधिक ठोकळे लोखंडी खिळ्यांनीं बसविले होते. उकळत्या कांचेच्या आंचेनें कांहीं खिळे वितळले, ठोकळे सुटले आणि कांचेच्या रसावर तरंगूं लागले. ती तबकडी वाया गेली. आज ती कॉर्निंगच्याच कांचसंग्रहालयांत प्रेक्षकांस पाहावयास मिळते. ठोकळे अधिक टिकाऊ पोलादी खिळ्यांनीं बसवून २ डिसेंबर १९३४ रोजीं दुसरी तबकडी ओतली, ती साधली. परंतु ओतणें हा कामाचा सोपा भाग. कांच घाईनें निवली तर तिच्या अंगांत ताण राहतो आणि पुढें केव्हां तरी ती तडकते. म्हणून विजेच्या भट्टींत ठेवून तिचें तपमान रोज एका अंशाहूनहि कमी, असें महिनोन् महिने उतरवावें लागलें. १९३५ च्या जुलै महिन्यांत शेजारच्या चेमुंग नदीला पूर आला, पाणी कारखान्यांत शिरलें आणि भट्टीची वीज सुमारें तीन दिवस बंद राहिली. सुदैवानें कांच दगावली नाहीं. जॉर्ज मॅकॉली या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं हें सर्व काम चाललें होतें. वीस टनांची ती तबकडी पोलादी पेटींत उभी करून खास आगगाडीनें २६ मार्च १९३६ रोजीं निघाली. गाडीचा वेग ताशीं पंचवीस मैलांच्या वर जाऊं दिला नव्हता आणि ती दिवसाच चालत असे. १० एप्रिल रोजीं ती सुखरूप पासाडेनास पोंचली.

आतां घांसण्याचें काम. एकावर एक ठेवलेल्या दोन वस्तु मध्यें खरखरीत पूड घालून पुष्कळ काळ घांसल्या, तर एक हळूहळू खोलगट आणि दुसरी फुगीर होत जाते. वर्षानुवर्षें वापरलेल्या पाट्याकडे ज्यांनीं लक्ष देऊन पाहिलें असेल, त्यांना हें नवल वाटणार नाहीं. आरसा करण्याची सर्व विद्या याच साध्या गोष्टीवर उभी आहे. प्रथम जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटीं झिलई देणारी मऊ भुकटी. असें हें काम चालतें. २०० इंची आरशासाठीं एकंदर ३१ टन पूड लागली आणि सुमारें पांच टन कांच घांसून काढावी लागली. काम करणाऱ्यांचे कपडे आणि जोडे निराळे असत, जमीन वारंवार धुतली जाई आणि खोलीची हवा गाळून घेतलेली असे. कारण जाड पुडीचा एक कण जरी झिलईच्या वेळीं आरशावर राहिला, तरी त्याचा ओरखडा काढण्यास कित्येक दिवस खर्ची पडावयाचे.

आरशाचा खोलगटपणा मध्यभागीं चार इंचांहूनहि थोडा कमीच आहे. प्रथम तो गोलाच्या तुकड्यासारखा करतात, कारण घांसण्यानें तोच आकार आपोआप येतो. परंतु गोलाकार आरसा दूरच्या ताऱ्याचे किरण नेमके एका बिंदूंत आणीत नाहीं. त्यासाठीं अन्वस्त नांवाच्या वक्ररेषेचा आकार लागतो. या दोन आकारांतील फरक २०० इंची आरशाच्या कडेलासुद्धां इंचाच्या पांच सहस्रांशांएवढाच, म्हणजे एखाद्या जाड कागदाच्या जाडीइतका होता. तेवढा फरक पाडण्यांत आणि तो योग्य तेथेंच पाडण्यांत वर्षें गेलीं. मध्यंतरीं दुसरें महायुद्ध आलें आणि काम १९४२ पासून १९४५ पर्यंत बंद पडलें. अखेर ३ ऑक्टोबर १९४७ रोजीं आरसा तयार झाल्याचें ठरलें. हेल मात्र १९३८ सालींच निवर्तले होते.

आरसा तयार झाला हें ठरवितात कसें? इंचाचा दहा लक्षांश भाग डोळ्यास दिसत नाहीं, बोटास लागत नाहीं आणि कोणत्याहि मोजपट्टीनें मोजतां येत नाहीं. येथें फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फूको यांनीं १८५८ च्या सुमारास काढलेली एक युक्ति उपयोगीं पडते. आरशासमोर ठराविक अंतरावर सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून प्रकाश सोडतात. तो आरशावरून परतून त्या छिद्राच्या शेजारींच एका बिंदूंत मिळतो. त्या बिंदूच्या मागें डोळा ठेवून एका धारदार पात्यानें तो प्रकाश हळूच कापावयाचा. आरसा निर्दोष गोलाकार असेल तर तो सगळा एकदम काळवंडतो. कोठें उंचवटा किंवा खळगा असेल तर तेवढ्याच जागीं छाया पडते, आणि तिरप्या उन्हांत जमिनीवरील खांचखळगे दिसावे तसे ते स्पष्ट दिसूं लागतात. आकार अन्वस्त असेल तर छाया कशी पडावयाची, हें गणितानें आधींच काढून ठेवलेलें असतें. २०० इंची आरशासाठीं हें पातें आरशापासून सुमारें ११० फुटांवर धरावें लागे. थोडें घांसावयाचें, कांच निवेपर्यंत थांबावयाचें, पाहावयाचें आणि पुन्हां थोडें घांसावयाचें, हा क्रम वर्षानुवर्षें चालला.

घांसणाऱ्याचें कसब मोठें खरें. पण आरशाचें भवितव्य ठरतें तें या परीक्षेवर. त्याचा कठोर धडा पुढें मिळाला. १९९० सालीं हबल यांचें नांव दिलेली दुर्बीण अंतराळांत पाठविण्यांत आली. तिचा सुमारें आठ फुटांचा आरसा विलक्षण गुळगुळीत होता. परंतु पहिलीं छायाचित्रें आलीं तीं अस्पष्ट! चौकशीअंतीं दिसलें, कीं परीक्षा घेणाऱ्या उपकरणांतील एक भिंग आपल्या जागेपासून १.३ मिलिमीटर सरकलेलें होतें. त्या चुकीच्या साक्षीवर विसंबून आरसा अत्यंत काळजीपूर्वक चुकीच्या आकाराचा बनविला गेला. त्याची कड हवी त्याहून कागदाच्या जाडीच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकी अधिक चपटी झाली होती. दुसऱ्या दोन साध्या परीक्षांनीं हा दोष दाखविलाहि होता. पण पहिलें उपकरण अधिक सूक्ष्म, म्हणून त्याचेंच खरें मानलें गेलें. डिसेंबर १९९३ मध्यें अंतराळवीरांनीं वर जाऊन दोष सुधारणारीं उपकरणें बसविलीं, तेव्हां कोठें त्या दुर्बिणीला नीट दिसूं लागलें. पॅलोमारचा आरसा जमिनीवर होता. त्याच्या चुका हाताच्या अंतरावर होत्या, हें त्याचें भाग्य.

चुका तेथेंहि निघाल्याच. १९४७ च्या नोव्हेंबरांत दोन दिवस प्रवास करून आरसा पर्वतावर चढला. ३ जून १९४८ रोजीं दुर्बिणीचें थाटानें उद्घाटन झालें आणि तिला हेल यांचें नांव दिलें गेलें. परंतु आरसा अजून पुरता सिद्ध झालेला नव्हता. कांच कितीहि कठीण दिसली तरी या मापानें पाहतां ती खरवसासारखी लवचीक असते. दुर्बीण कलली कीं आरशाचा भार एका बाजूस जातो आणि आकार बदलतो. त्यासाठीं पाठीमागच्या घरांत तरफा व प्रतिभार यांचीं ३६ यंत्रें बसविलेलीं आहेत. दुर्बीण जशी कलेल तसे प्रतिभारहि कलतात, आणि प्रत्येक यंत्र आपल्या वांट्याचा भार, अधिक नाहीं व उणा नाहीं, असा उचलून धरतें. या यंत्रांतील घर्षण काढून तीं बिनचूक चालतील असें करण्यास बराच काळ लागला. दुसरा प्रश्न कडेचा होता. आरसा दुर्बिणींत बसल्यावर त्याची कड आपोआप किंचित् खालीं येईल, अशा हिशोबानें ती थोडी उंच ठेवलेली होती. ती अपेक्षेप्रमाणें खालीं आली नाहीं. तेव्हां १९४९ सालीं डॉन हेंड्रिक्स या कारागिरानें वेधशाळेंतच ती कड हातानें घांसून बेतास आणली. थोडा वेळ घांसावें आणि रात्रीं ताऱ्यावर परीक्षा पाहावी, असा त्याचा क्रम असे. त्याच वर्षाच्या अखेरीस नियमित वेधांस सुरुवात झाली.

आतां त्या अर्ध्या तोळ्याविषयीं. नुसती कांच प्रकाशाचा फारच थोडा अंश परतविते. म्हणून तिच्यावर धातूचा लेप हवा. पूर्वीं हा लेप चांदीचा असे. परंतु चांदी काळी पडते, हें घरांतील देव्हाऱ्याच्या भांड्यांवरून सर्वांना ठाऊक आहे. शिवाय जांभळ्या रंगापलीकडील किरण ती नीट परतवीत नाहीं. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जॉन स्ट्राँग यांनीं मोठ्या आरशांवर अ‍ॅल्युमिनियमचा लेप देण्याची रीत बसविली, आणि १९३५ सालीं माउंट विल्सनच्या १०० इंची आरशालाहि तो दिला गेला. अ‍ॅल्युमिनियमचा गुण असा, कीं हवेशीं संबंध येतांच त्यावर एक पारदर्शक व कठीण कवच तयार होतें. माणिक आणि नीलम हीं रत्नें ज्या द्रव्याचीं बनलेलीं असतात, त्याच द्रव्याचें हें कवच; तें खालच्या धातूचें रक्षण करतें.

परंतु हें रक्षण कायमचें नव्हे. धूळ बसते, परागकण बसतात, दंव पडतें, आणि त्या मुलुखांत वारंवार लागणाऱ्या वणव्यांची राख उडून येते. ही राख ओलाव्याशीं मिसळली म्हणजे धातूला खाऊं लागते. म्हणून आकाश निरभ्र असूनहि राखेच्या भीतीनें घुमट बंद ठेवण्याची पाळी ज्योतिष्यांवर येते. बसलेली धूळ फडक्यानें पुसण्याची सोय नाहीं, कारण पुसणें म्हणजे ओरखडे काढणें. म्हणून तांब्यापितळेच्या भांड्यांना जशी वेळोवेळीं कल्हई करावी लागते, तशी या आरशालाहि सामान्यतः दीड-दोन वर्षांनीं नवी कल्हई करावी लागते.

हा दिवस वेधशाळेंत मोठ्या जोखमीचा असतो. आरसा त्याच्या बैठकीसह दुर्बिणींतून उतरवितात. साडेचौदा टनांची ही एकुलती एक वस्तु; तिच्यावर एखादें हत्यार पडलें तर दुसरी आणावी कोठून? जुना लेप रासायनिक द्रवानें विरघळवून काढतात आणि नुसती उघडी कांच पुनःपुन्हां स्वच्छ पाण्यानें धुतात. बोटाचा एक ठसा राहिला तरी त्या जागीं नवा लेप नीट धरत नाहीं. नंतर आरसा एका प्रचंड टाकींत बंद करून आंतील हवा पंपांनीं काढून घेतात. टाकींत टंग्स्टनच्या तारांवर अ‍ॅल्युमिनियमचे लहान लहान तुकडे अडकविलेले असतात. वीज सोडतांच तारा लाल-पांढऱ्या होतात, धातु वितळून त्याची वाफ होते, आणि अडथळा करण्यास हवा नसल्यामुळें ती वाफ सरळ जाऊन थंड कांचेवर एकसारखी बसते. इतक्या तयारीनंतरचें हें खरें काम कांहीं क्षणांतच आटोपतें. लेपाची जाडी इंचाच्या सुमारें चार दशलक्षांश भागांएवढी असते. आणि तो कांचेचा आकार जसाच्या तसा घेतो. म्हणूनच लेप पुनःपुन्हां बदलला तरी आरसा पुन्हां घांसावा लागत नाहीं. कारागिरांनीं दिलेला आकार आजहि तोच आहे.

या दुर्बिणीनें काय मिळविलें, याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. १९५२ सालीं वाल्टर बाडे यांनीं दाखवून दिलें, कीं दूरच्या तारकाविश्वांचीं मानलेलीं अंतरें सुमारें दुपटीनें वाढविलीं पाहिजेत. १९६३ सालीं मार्टेन श्मिट यांनीं ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका बिंदूच्या वर्णपटाचा अर्थ लावला, आणि क्वेसार नांवाच्या अतिदूर व अतितेजस्वी वस्तु जगाला कळल्या. पुढें याहून मोठ्या दुर्बिणी झाल्या. हवाई बेटांवरील केक दुर्बिणींत तर दहा मीटरांचा आरसा एकसंध नसून ३६ षट्कोनी तुकड्यांचा जोडलेला आहे, आणि ते तुकडे यंत्रांच्या साह्यानें क्षणोक्षणीं जागेवर आणले जातात. साधन बदललें, पण अट तीच राहिली: आकार दशलक्षांशानें राखला पाहिजे आणि लेप स्वच्छ राहिला पाहिजे.

मोठ्या दुर्बिणीची वार्ता उद्घाटनाच्या दिवशीं सर्वत्र छापून येते. आरसा धुण्याच्या दिवसाची वार्ता कोणी छापीत नाहीं. परंतु हे धुण्याचे दिवस टळत गेले, तर पांच टन कांच घांसून आणलेला तो आकार जागच्या जागीं असूनहि आंधळा होईल. हेल यांचा आरसा आजहि पाहतो आहे, तो ज्यांनीं घडविला त्यांच्यामुळें. आणि तितकाच, दर खेपेस तो उतरवून, धुऊन, त्यावर पुन्हां अर्धा तोळा धातु चढविणाऱ्या हातांमुळें.